आमची अस्सल कॅसेट

दिवसभर मी लोकांच्या रक्ताच्या, लघवीच्या, थुंकीच्या बाटल्या हाताळतो. मुलुंडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून मला बरीच वर्षं झाली. त्याची मला कधी किळस आली नाही. डबा खायच्या आधी साबणाने हात धुतो, बस. पण मागे एका रविवारी दहिसरला ताईच्या घरी मी जे बघितलं, त्याची मला खरोखर किळस आली.

ताई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. फोन डाळीच्या डब्याला टेकवून उभा केलेला, आणि त्यात गेम चालू होता. आमचा गेम. चौघांची टोळी, एक योद्धा, एक जादूगार, एक वैद्यीण, एक चोर, राक्षसाला मारायला निघालेली. लहानपणी आम्ही दोघांनी अख्खी मे महिन्याची सुट्टी घालवून संपवला होता तो. आता त्या चौघांना गुळगुळीत, गोबरे चेहरे आले होते, आणि ते आपले आपणच लढत होते. ताईचं बोटसुद्धा फोनला लागत नव्हतं. योद्धा मेला तेव्हा एक खिडकी उघडली: जाहिरात बघा, जिवंत करा. ताईने मेथीचा हिरवा हात पदराला पुसला, बटण दाबलं. साबणाची जाहिरात लागली. एक बाई फेसात हसली, आणि योद्धा टुणकन उठून उभा राहिला.

"ताई, हे काय?"

"आपला गेम. फोनवर आलाय, तुला नाही माहीत?"

"माहितीये. पण तू खेळतेयस कुठे? तू तर मेथी निवडतेयस."

"दोन्ही होतंय ना. ऑटोवर टाकलंय." तिने वर न बघता सांगितलं. "सुरुवातीला विचारतात, सोपं पाहिजे, मधलं पाहिजे की अवघड. मी सोपं घेतलं."

तिने ते 'सोपं' ज्या सहजपणे म्हटलं, ते मला सहन झालं नाही. ताई महापालिकेच्या शाळेत गणित शिकवते. वहीत उत्तर आलं पण पायऱ्या नाही लिहिल्या, तर पोरांचे मार्क कापणारी बाई. ती इथे एकही पायरी न चढता वर जात होती.

"अगं, ह्याला खेळणं म्हणतात का? दुसऱ्याने चावून दिलेला घास आहे हा. तो गिळतेयस तू. शी!"

तिचा हात थांबला. "मला गोष्ट बघायचीय रे. मारामारीत नाही मला इंटरेस्ट."

"गोष्ट काय बघायची? आपण संपवलाय तो."

त्यावर तिने मेथी आवरायला घेतली. काड्या एका बाजूला केल्या, पानं चाळणीत टाकली. मग म्हणाली, "चहा घेणारेस का?" मी नको म्हणालो आणि निघालो. त्या घरात बसवेना मला. आज लिहितानाही लाज वाटते, पण तेव्हा मला वाटत होतं की आपण बरोबर आहोत आणि ताई बिघडली आहे.

हा एवढा कडवेपणा कुठून आला, ते सांगायला घाटकोपरच्या चाळीत जावं लागेल. आमचा मामा बोटीवर खानसामा होता. कुठल्याशा बंदरातल्या बाजारातून त्याने टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेमचा डबा आणला आणि त्याच्यासोबत एकच कॅसेट. काळी, जाड, वर वाकडं चिकटवलेलं चित्र. बाकी पोरांकडे उड्या मारायचे, गोळ्या झाडायचे गेम होते. आमच्याकडे हा होता, ज्यात मोडकंतोडकं इंग्रजी वाचावं लागायचं, विचार करावा लागायचा आणि मेलात तर राजाच्या महालापासून परत चालत यावं लागायचं. मी दहा वर्षांचा, ताई चौदाची. मी बटणं दाबायचो आणि ती तिच्या भूमितीच्या आलेखवहीत गुहांचे नकाशे काढायची. एक चौकोन म्हणजे एक पाऊल. दलदलीच्या गुहेचा नकाशा चार पानांवर होता, डिंकाने चिकटवलेला.

डबा तापला की त्याच्या उबेला झुरळं यायची. फटीतून मिशा हलताना दिसायच्या. आई मालवणीत करवादायची, "शिरा पडली त्या खेळार! घरात झुरळांका जागा कमी पडली होती?" आणि झाडूने आधी झुरळांना आणि मग आम्हाला हाणायची. आम्ही हलायचो नाही.

त्या मेच्या शेवटी, एका दुपारी, राक्षस मेला. पडदा थरथरला, लाल झाला आणि मग काळा. आम्ही वाट बघत बसलो. काही आलं नाही. राजा नाही, आभार नाहीत, 'समाप्त' नाही. मी ताईकडे बघितलं. तिने त्या काळ्या पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग म्हणाली, "संपलं. जिंकलो आपण. राक्षस होता म्हणून त्याचा तो लाल उजेड होता. तो मेला, उजेड गेला. आता बाहेर सकाळ होईल, पण ती आपल्याला दिसायची नाही, कारण आपण गुहेत आहोत."

मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, आयुष्यभर पुरलं. मोठा झाल्यावर मी त्याचं तत्त्वज्ञान केलं. खऱ्या गोष्टीला शेवटी लाडूपेढे नसतात, वगैरे. हे ताईचं वाक्य आहे, हेसुद्धा हळूहळू विसरलो. ते माझंच झालं.

चाळिशीनंतर मला अंधेरीतल्या एका टोळक्याचा शोध लागला. जुन्या गेमचे वेडे, सात-आठ जण, बहुतेक माझ्या वयाचे. त्यातला एक दातांचा डॉक्टर. महिन्यातून एका रविवारी त्याच्या बंद दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये आम्ही जमायचो, कारण तिथे मोठा टीव्ही होता आणि कोणाच्या बायकोला त्रास नव्हता. भिंतीवर किडलेल्या दाढेचं मोठं चित्र, त्याखाली आम्ही. घाटकोपरहून मेट्रो पकडली की वीस-पंचवीस मिनिटांत तिथे.

तिथे वाद चालायचे ते व्हर्जनचे. आमच्या गेमच्या चार आवृत्त्या निघाल्या. पहिली जुन्या डब्यावरची. मग पुढच्या डब्यावर रंग आणि संगीत चांगलं करून आली. मग हातातल्या छोट्या यंत्रावर. मग ही फोनवरची. प्रत्येकीत काहीतरी सोपं होत गेलेलं. दुसरीत गुहेच्या तोंडाशी खेळ साठवायची सोय आली, तिसरीत विषाचा असर कमी झाला, आणि चौथीत तर खेळणाऱ्याचीच गरज उरली नाही. मी त्या टोळक्यातला 'अस्सल'वाला. ज्याने पहिली संपवली तो.

ताईकडून आलो त्या संध्याकाळी मी टोळक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज लिहिला. चारही आवृत्त्यांची तुलना, मुद्देसूद. पहिलीत राक्षसांचा मार कसा बसायचा, दलदलीत पावलापावलाला कसं रक्त आटायचं. आणि मग फोनवरचीबद्दल जे लिहिलं ते लिहिण्यासारखं नव्हतं. हे खेळणारे म्हणजे उकिरड्यावर फुकटचं चिवडणारी जनावरं, असं काहीतरी. नाव न घेता त्यात माझी बहीण होती. शेवटी लिहिलं, अस्सल गेमने शेवटी काळा पडदा दाखवायची हिंमत केली होती. पुढच्या सगळ्यांनी घाबरून गोड शेवट जोडले.

भराभर अंगठे आले. मग ग्रुपमधली एकमेव मुलगी, गोरेगावात ॲनिमेशनचं काम करणारी, पंचविशीची असेल, तिने विचारलं, "काळा पडदा? कुठल्या व्हर्जनमध्ये?"

"पहिल्या," मी लिहिलं.

"पहिली माझ्याकडे आहे. ओरिजिनल. तिच्यात मोठा शेवट आहे, दहाएक मिनिटांचा. तुमची कॅसेट आणाल का पुढच्या वेळी? बघूया ना."

मला राग आला. ही काल जन्मलेली पोरगी मला सांगणार? मी लिहिलं, आणतो.

डबा माळ्यावर होता, एका प्लास्टिकच्या पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत. खाली काढला तर हलवल्यावर आत काहीतरी खुळखुळलं. घाटकोपर स्टेशनजवळ एक माणूस जुने टेपरेकॉर्डर, मिक्सर असलं सगळं दुरुस्त करतो, त्याच्याकडे नेला. त्याने चार स्क्रू काढले, झाकण उचललं आणि मागे सरकला.

"अरे बापरे. इथे तर कॉलनी बसलीय."

झुरळं कधीच मेली होती. त्यांची टरफलं, पंख, अंड्यांच्या सुकलेल्या तपकिरी पिशव्या, आणि सगळ्याला एक तेलकट, कुबट वास. मी लॅबमध्ये रोज काय काय बघतो, पण मला तिथे ओकारी आली. दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो. त्याने ब्रशने सगळं एका पेपरवर झाडलं, पुडी बांधली आणि कचऱ्यात टाकली. कॅसेटच्या पितळी पट्ट्या स्पिरिटने पुसल्या. "चालू आहे," तो म्हणाला, आणि त्याच्या छोट्या टीव्हीवर माझ्या लहानपणीचा निळा पडदा उगवला. सगळी किळस विसरून मी तिथल्या तिथे हसलो.

पुढच्या बैठकीच्या रविवारी दवाखान्यात दोन टीव्ही मांडले. मोठ्यावर माझी कॅसेट, आणि डॉक्टरने घरून आणलेल्या छोट्यावर तिची. दोघांनी एकदम सुरू केलं. तीच चार माणसं, तोच राजा, तेच पहिलं माळरान. पहिला वटवाघूळ राक्षस आला. तिच्या योद्ध्याला त्याने एका चाव्यात निम्मा केला. माझ्या योद्ध्याला जेमतेम ओरखडा. तिने तीन फटक्यांत तो मारला, मी एका फटक्यात. तिला सहा गुण मिळाले. मला साठ.

"परत करा," कोणीतरी म्हणालं.

परत केलं. तेच. पाच मिनिटांत माझी टोळी इतकी दणकट झाली की राक्षस समोर आले की पडायचे. तिची टोळी दोनदा मेली, दोनदा राजाच्या महालातून परत निघाली. मी दलदलीच्या गुहेत शिरलो. जिच्या आठवणीने मी तीस वर्षं छाती फुगवली, त्या गुहेतून मी चालत गेलो, बागेतून जावं तसा. विष लागत होतं, पण मुंगी चावल्यासारखं. आणि मला आठवलं की लहानपणी आम्ही तिथे मेलो ते वाट चुकून, फिरून फिरून, मारामारीत क्वचितच. नकाशा होता म्हणून निभावलं. नकाशा ताईचा होता.

"अहो, ही तर छेडछाड केलेली कॅसेट आहे," डॉक्टर म्हणाला. "डुप्लिकेट."

"फोनवरच्या सोप्यापेक्षा पण सोपी!" मागून एक जण म्हणाला, आणि सगळे हसले. भिंतीवरच्या दाढेसकट हसल्यासारखे वाटले मला.

ती मुलगी हसली नाही. तिने सांगितलं की असल्या कॅसेट बनवणारे आकडे बदलून ठेवायचे, म्हणजे पोरांना लगेच मजा यावी आणि माल खपावा. आणि लहान, स्वस्त चिपमध्ये मावावं म्हणून शेवटची चित्रं कापून टाकायचे. "म्हणून तुम्हाला काळं दिसलं. तिथे काही नव्हतंच."

मी हो हो म्हणत होतो. तोंडात पित्त आल्यासारखं कडू झालं होतं. खिशातला फोन जड वाटत होता, कारण त्यात तो मेसेज होता. उकिरडा, जनावरं, हिंमत. काळ्या पडद्याची हिंमत! कोणीतरी जागा वाचवायला कापलं होतं, आणि मी त्याला दर्शन समजून पूजत बसलो होतो. दुसऱ्याने चावून दिलेला घास मी दहा वर्षांचा असताना गिळला होता आणि त्याचे ढेकर आजवर देत होतो. मला स्वतःची इतकी शिसारी आली की मी डब्याची वायर न गुंडाळताच पिशवीत कोंबली आणि निघालो. मुलुंडला घरी न जाता मेट्रोने थेट दहिसर गाठलं.

ताईने दार उघडलं. माझं तोंड बघून म्हणाली, "काय झालं? आई बरी आहे ना?"

"आई बरी आहे. ताई, आपली कॅसेट खोटी होती."

मी सगळं सांगितलं, उभ्याउभ्याच. ती ऐकत होती. मग म्हणाली, "सोपी होती ते मला माहीत नव्हतं. शेवट नव्हता, ते माहीत होतं."

"कसं?"

"अरे, दिसत होतं ना. एवढी मोठी गोष्ट, आणि काळं? बिघडलं असणार, कळलंच मला. तुझं तोंड एवढंसं झालं होतं, आता रडतो का मग रडतो असं. काहीतरी सांगायला हवं होतं, सांगितलं. मला काय माहीत तू ते जन्मभर धरून बसशील?"

"मग नंतर का नाही सांगितलंस?"

"कधी? तू भेटेल त्याला ऐकवत होतास. माझ्या लग्नात तिकडच्या दिराला ऐकवलंस. मी मधेच बोलले असते, तर तुझी वाट लागली असती."

मी खुर्चीत बसलो. आता मला उमगलं ती मेथी निवडताना काय म्हणाली होती. तिला गोष्ट बघायची होती. गोष्टीचा जो तुकडा आमच्यापासून कापला गेला होता, तो. मारामारीशी तिला काही देणंघेणं नव्हतं, कारण ती आम्ही करून चुकलो होतो.

"बघितलास शेवट?"

"बघितला. झाले तीनएक आठवडे."

"काय आहे?"

"राजा दरबार भरवतो. मग चौघं आपापल्या गावाला जातात, एकेकाचं दाखवतात. ती वैद्यीण आहे ना, ती परत दलदलीत जाते. तिथल्या लोकांना विष चढतं ना सारखं, त्यांना औषध द्यायला राहते. तसं फालतूच आहे रे. चित्रं पण बटबटीत. पण मला बरं वाटलं."

"मी त्या दिवशी जे बोललो..."

"हो, बोललास," ताई म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात शाळेतली बाई आली. "चावलेला घास म्हणालास. मला शी म्हणालास, माझ्या घरात. मला लागलं ते. पोरांच्या वह्या तपासताना मधेच आठवायचं आणि पेन थांबायचं. सॉरी म्हण."

"सॉरी."

"नीट."

"सॉरी, ताई. चुकलं माझं."

"हं. आता जेवून जा. बिरड्याची उसळ आहे."

मी जेवलो. ग्रुपवर मी जे लिहिलं होतं ते तिला सांगायची माझी छाती झाली नाही. ते आजही तिला माहीत नाही.

मग मी ठरवलं की आता तरी खरं करून दाखवायचं. त्या मुलीकडून तिची कॅसेट मागून आणली, लॅबमधून आलो की रोज संध्याकाळी बसायचो. बायको म्हणाली, "ह्या वयात?" मी म्हटलं, थोडे दिवस.

खऱ्या अवघडपणाबद्दल माझ्या मनात जी भक्ती होती, ती त्या दिवसांत गेली. पहिल्या गावाबाहेर एक पूल आहे. त्या पुलावर मागेपुढे चालत राहायचं, बेडूक येतो, त्याला मारायचं, सहा गुण. परत चालायचं, परत बेडूक, सहा गुण. असे शंभर बेडूक मारले की अंगात थोडं बळ येतं. मग गुहेत जायचं, मरायचं, परत पुलावर. ह्यात डोकं लागत नव्हतं, हिंमत लागत नव्हती. लागत होती ती नुसती फुरसत. आम्ही लहानपणी नकाशे काढले, वाटा शोधल्या, भांडलो, ते सगळं त्या छेडछाड केलेल्या कॅसेटमुळे जमलं, कारण तिने आमचे बेडूक माफ केले होते. अस्सलमध्ये माझी ती सुट्टी पुलावरच संपली असती. एका संध्याकाळी बेडूक समोर आला, आणि त्याचं ते दोन रंगांतलं फुगलेलं तोंड बघून मला एकदम वीट आला. भूक नसताना चौथा मोदक समोर यावा तसा. मी बटण बंद केलं.

पुढच्या रविवारी अंधेरीला कॅसेट परत केली. मुलगी जिन्यातच भेटली.

"संपवलीत?"

"नाही."

"कुठवर गेलात?"

"गुहेचा दुसरा मजला."

ती हसली. "मी पण तिथेच सोडली."

"मग तो दहा मिनिटांचा शेवट?"

"व्हिडिओ बघितला ना."

वर गेल्यावर मी सगळ्यांना एकेक करून विचारलं, पहिली आवृत्ती खरोखर कोणी संपवली आहे का. डॉक्टरने हातातल्या यंत्रावरची संपवली होती, तीही चोरट्या कोडने, कोणीही मरणार नाही अशी सोय करून. एकाने भावाला खेळताना बघितलं होतं. एक म्हणाला, बहुतेक संपवली असावी. आठवत नाही, पण संगीत पाठ आहे. मग त्याच माणसाने मान वर करून, अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं की काही म्हणा, पण पहिलीची सर बाकीच्यांना नाही.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पाणी प्यायला उठलो.